नकाशावरील तांबडी रेघ

पवित्र शास्त्राच्या पुष्कळ प्रतींत शेवटच्या पानामागें चार-सहा रंगीत नकाशे जोडलेले असतात. ग्रंथ वाचावयास घेण्यापूर्वीं मुलें ते नकाशे उघडून पाहतात, आणि कित्येकांच्या बाबतींत ग्रंथ मिटल्यावरहि तेवढेच ध्यानांत राहतात. पौलाच्या पहिल्या प्रवासाची रेघ तांबडी, दुसऱ्याची हिरवी, तिसऱ्याची निळी. आणि मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांची वाट सीनायच्या रानांतून वळसे घेत कनान देशाकडे गेलेली. परीक्षेंत ‘नकाशा काढून मार्ग दाखवा’ असा प्रश्न येतो. मुलगा ती रेघ बिनचूक उतरवितो व त्यास पैकीच्या पैकी गुण मिळतात. आमचें मत असें आहे कीं, या गुणांपैकीं निदान निम्मे कापले पाहिजेत. आणि ते कापले गेल्यास दोष मुलाचा नसून रेघेचा समजावा.

कारण ही रेघ सर्व ठिकाणीं सारख्याच जाडीची असते. जेथें वाट ठाऊक आहे तेथें जितकी ठसठशीत, तितकीच जेथें ती ठाऊक नाहीं तेथेंहि. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय घ्या. फिलिप्पैहून निघालेला पौल अंफिपुली व अपुल्लोनिया या गांवांवरून थेस्सलनीकेस आला, असें तेथें पहिल्याच वचनांत सांगितलें आहे. हीं चार नांवें म्हणजे एका रोमन राजमार्गावरील ओळीनें येणारे मुक्कामच होत. इग्नातिया नांवाचा हा मार्ग इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत बांधला गेला. त्यावरील मुक्काम आणि त्यांमधील अंतरें रोमन लोकांच्या प्रवासयाद्यांत लिहून ठेविलेलीं आहेत. मार्ग बांधविणाऱ्या ग्नेयस इग्नातियस याचें नांव कोरलेला मैलाचा दगड १९७४ सालीं थेस्सलनीकेजवळ सांपडला. फिलिप्पैपासून तेथवर सुमारे शंभर रोमन मैल, म्हणजे आपले दीडशें किलोमीटर. येथें रेघ हवी तेवढी जाड काढावी. आमची कांहींच हरकत नाहीं.

आतां त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय पाहा. पंफुल्यांतील पिर्गा सोडून पौल व बर्णबा पिसिदियांतील अंत्युखियास पोहोंचले, एवढेंच तेथें आहे. मध्यें टॉरस पर्वताच्या रांगा उभ्या. ते कोणत्या खिंडीनें चढले? ऑगस्टस बादशहानें इ. स. पू. ६ या वर्षीं बांधविलेला सेबास्ते नांवाचा मार्ग पश्चिमेकडून वळसा घेऊन जातो. तो लांबचा, पण गाड्याघोड्यांच्या सोयीचा. मधल्या डोंगरांतून जवळची वाट होती, ती अवघड. विद्वानांपैकीं कोणी एकीचा पक्ष घेतात, कोणी दुसरीचा; लिहिणारा लूक या बाबतींत मुका आहे. तरी नकाशावर रेघ मात्र सुतासारखी सरळ! आज तुर्कस्थानांत पायीं हिंडणाऱ्या हौशी लोकांसाठीं पौलाच्या नांवानें एक वाट आंखून तीवर रंगाच्या खुणा केल्या आहेत. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अशा खुणांनीं तर्काची हळूहळू वहिवाट होते, आणि वहिवाटीस पुरावा विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. इस्राएल लोकांच्या रानांतील प्रवासाविषयीं तर बोलावयासच नको. ‘गणना’ या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायांत चाळीसांहून अधिक मुक्कामांची यादी आहे. त्यांतील बहुतेक ठिकाणें आज निश्चित दाखवितां येत नाहींत, आणि सीनाय पर्वत कोणता याविषयींहि एकमत नाहीं.

मग जुन्या वाटेचा माग लागतो तरी कसा? एक साधन म्हणजे जुने नकाशे. व्हिएन्ना येथील ग्रंथसंग्रहालयांत एक लांबलचक गुंडाळी आहे. रोमन काळच्या रस्त्यांच्या नकाशाची ही मध्ययुगांत केलेली नक्कल. लांबी सुमारे पावणेसात मीटर आणि रुंदी केवळ चौतीस सेंटिमीटर. एवढ्या पट्टींत ब्रिटनपासून हिंदुस्थानापर्यंतची पृथ्वी बसवावयाची म्हणून देश व समुद्र पोळीच्या कणकीसारखे लाटून लांबट केले आहेत. आकार पाहूं जाल तर नकाशा हास्यास्पद आहे. परंतु मुक्कामामागून मुक्काम आणि त्यांमधील अंतर यांसाठीं तो अमोल आहे. रेल्वेच्या वेळापत्रकांतील नकाशा जसा आकारानें खोटा व स्टेशनांच्या क्रमानें खरा, तसाच. त्याच्या पूर्वेकडील टोकास केरळांतील मुझिरिस बंदर दाखविलें असून त्याजवळ ऑगस्टसचें मंदिर काढलें आहे.

दुसरा नकाशा कागदावर नाहीं, जमिनीवर आहे. यार्देन देशांत मादबा या गांवीं सहाव्या शतकांतील एका प्रार्थनामंदिराच्या फरशींत रंगीत खड्यांनीं पवित्र भूमि जडविलेली होती. तिचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडांत आला. नकाशांत उत्तर नेहमीं वर असते असें ज्यास शिकविलें आहे, त्या मुलानें हा नकाशा अवश्य पाहावा. येथें पूर्व वर आहे. मृत समुद्रांत दोन नावा आहेत. यार्देन नदींतील एक मासा समुद्राचें खारें पाणी लागतांच पाठ फिरवून उलट पोहतो आहे. मध्यभागीं यरुशलेम, आणि त्यांतून दुतर्फा खांबांच्या रांगा असलेला मोठा रस्ता. हे खांब चित्रकाराची हौस असावी असें कोणी म्हटलें असतें तर त्यास दोष देतां आला नसता. परंतु १९७० नंतरच्या दशकांत यरुशलेमच्या जुन्या शहरांत उत्खनन झालें, तेव्हां तो रस्ता नकाशांत जेथें होता तेथेंच जमिनीखालीं सांपडला. आणि त्याच्या शेजारीं दाखविलेल्या, जस्टिनियन बादशहाच्या काळच्या प्रार्थनामंदिराचे पायेहि सांपडले. शंका घेऊन खणणाऱ्या माणसांनींच नकाशा खरा ठरविला, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

तिसरें साधन म्हणजे गांवांचीं नांवें. १८३८ सालीं एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित अरबी भाषा जाणणाऱ्या ईलाय स्मिथ या मिशनऱ्यासह पवित्र भूमींत हिंडला. मठांतील वाटाड्यांच्या कथांवर विसंबून न राहतां त्यांनीं शेतकऱ्यांस व गुराख्यांस गांवांचीं नांवें विचारलीं. अनाथोथाचें अनाता, शिलोचें सेलून, मिखमाशाचें मुखमास, बेथेलाचें बेतीन: राज्यें गेलीं, भाषा बदलली, तरी नांवें जिभांवर तग धरून राहिलीं होतीं. अल-जीब हें खेडें म्हणजे जुनें गिबोन, असें या रीतीनें ठरलें. पुढें १९५६ पासून तेथें उत्खनन झालें तेव्हां घागरींच्या कानांवर ‘गिबोन’ हींच अक्षरें कोरलेलीं निघालीं.

या शोधांत आपल्या प्रांताचाहि वाटा आहे, आणि तो शाळांतून फारसा सांगितला जात नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नांवाचें कॉलेज चौपाटीवर आहे, ते कोंकणांत राहून मराठी शिकलेले. रॉबिन्सननंतर पांचच वर्षांनीं, १८४३ सालीं, ते मुंबईहून निघून सीनाय, पेत्रा व यरुशलेम या मार्गें प्रवास करीत गेले. बरोबर धनजीभाई नवरोजी हे पारशी ख्रिस्ती गृहस्थ होते. त्या प्रवासाचे दोन जाडे इंग्रजी खंड १८४७ सालीं प्रसिद्ध झाले. याच विल्सनसाहेबांनीं कोंकणांतील बेने इस्राएल लोकांविषयीं व सह्याद्रींतील लेण्यांविषयींहि लिहिलें. इकडची घाटवाट आणि तिकडची घाटवाट एकाच डोळ्यानें पाहणारा हा पुरुष होता.

चौथें साधन जमीन. पाणी, खिंड आणि एका दिवसाची चाल यांच्यापुढें राजाचेंहि चालत नाहीं. इ. स. पू. १४५७ च्या सुमारास मिसरचा राजा तिसरा थुतमोस मगिद्दोवर चालून गेला. सरदार म्हणाले, अरुंद खिंडीनें जाऊं नये. राजा त्याच खिंडीनें गेला व जिंकला. कार्नाकच्या देवळाच्या भिंतीवर ही हकीकत कोरलेली आहे. सप्टेंबर १९१८ मध्यें सेनापति ॲलनबी याच्या सैन्यांतील घोडदळ, ज्यांत बहुतेक हिंदी स्वार होते, रात्रीच्या अंधारांत त्याच खिंडींतून मगिद्दोच्या मैदानांत उतरलें. आपल्या शहराचें नांव धारण करणारें ‘पूना हॉर्स’ हें पथकहि त्या मोहिमेंत होतें. ॲलनबीच्या हातीं जॉर्ज ॲडम स्मिथ यांचा पवित्र भूमीचा ऐतिहासिक भूगोल असे. आणि हे स्मिथ जन्मले होते कलकत्त्यास! मधल्या तेहतीस शतकांत किती राज्यें बुडालीं. खिंड हलली नाहीं.

येथें एक पालक आम्हांस विचारतील कीं, मोबाईलवर बोट ठेवतांच यरुशलेमाहून यरीहोचा रस्ता दिसतो, मग हे भिंतीवरचे जुने नकाशे कशास हवेत? मोबाईलचा नकाशा उत्तम आहे. आम्हीहि तो वापरतों. परंतु तो मोटारीचा रस्ता दाखवितो व मिनिटांत हिशेब करितो. यरुशलेमाहून यरीहो सुमारें सत्तावीस किलोमीटर, आणि तेवढ्यांत उतार एक हजार मीटरांचा. सिंहगडाचा माथा पुणें शहराहून साडेसातशें मीटर उंच. म्हणजे सिंहगड उतरून आणखी त्याचा एक तृतीयांश खालीं जावयाचें, आणि तेंहि उघड्या, निर्जल डोंगरांतून. शोमरोन्याच्या दाखल्यांतील वाटसरू त्या वाटेनें ‘खालीं’ जात होता असें कां म्हटलें आहे, हें गडावर गेलेल्या मुलास निराळें सांगावें लागत नाहीं. एका दिवसाची चाल म्हणजे किती, याचें मापहि पुणेकरांच्या दारावरून दरवर्षीं जातें. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडास मुक्काम करिते. सुमारें तीस किलोमीटरांची ती मजल वारींतील मोठ्या मजलींपैकीं गणली जाते. त्रोवसाहून अस्सास सोबती जहाजानें गेले व पौल एकटा पायीं गेला, तें अंतरहि साधारण तेवढेंच. ज्यानें वारकऱ्यांचे पाय संध्याकाळीं पाहिले आहेत त्यानें तें वचन पुन्हां एकदां वाचावें.

हीं चारहि साधनें हातांत घेऊन शिकावयास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. इ. स. च्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्याचें समुद्रप्रवासाचें टिपण आहे. त्यांत बारिगाझाहून, म्हणजे भडोचहून, दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हें मोठें शहर असल्याचें लिहिलें आहे. तेथून माल गाड्यांनीं बिकट मुलुखांतून येई. पैठण तर ठाऊक होतें, तगर कोणतें? कोणी देवगिरी म्हटलें, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ सालीं फ्लीट यांनीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच तगर असें दाखविलें, आणि तेंच आज मानलें जातें. भडोच ते पैठण सरळ अंतर साडेतीनशें किलोमीटर, पैठण ते तेर दीडशें. वीस दिवस आणि दहा दिवस. बैलगाडीची रोजची चाल दोन्हीकडे सारखीच येते. मात्र तेर पैठणच्या नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. व्यापाऱ्याचे दिवस बरोबर होते, दिशा ढोबळ होती. जुन्या साक्षीदाराची साक्ष कशी घ्यावी याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि नाणेघाट! जुन्नरहून कल्याण बंदराकडे उतरणारी ही सातवाहन काळची वाट. खिंडीच्या तोंडाशीं जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. जवळच्या लेण्यांत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. राजघराण्याचे पुतळे नाहींसे झाले असून त्यांवरील नांवें तेवढीं राहिलीं आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील तीन लेखांत दान देणारे यवन आहेत. हे यवन समुद्रापलीकडून आले कीं येथेंच वाढले, हें लेख सांगत नाहींत. घाटांत बसविलेल्या फरसबंदीवरून चालतां येतें, म्हणून तेवढी वाट खरी; यवनाच्या घरापर्यंतची रेघ आपली.

या ठिकाणीं मोह उत्पन्न होतो, आणि तो आमच्या समाजांत विशेष आहे. शलमोन राजाचीं जहाजें ओफीराहून सोनें आणीत. ग्रीक भाषांतरांत ओफीराचें नांव ‘सोफीर’ असें येतें. आणि वसईजवळ आमचें सोपारें! कित्येक व्याख्यानांत ही गांठ पक्की मारलेली आम्हीं ऐकली आहे. आपल्या किनाऱ्याचें नांव पवित्र शास्त्रांत निघावें हें कोणास आवडणार नाहीं? परंतु सोपाऱ्यास भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं शोधलेला अशोकाचा लेख इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील. शलमोन दहाव्या शतकांतील. मधलीं सातशें वर्षें केवळ उच्चाराच्या साम्यानें भरून निघत नाहींत. ओफीराचें सोनें खरेंच व्यवहारांत होतें असें दाखविणारी आठव्या शतकांतील एक लिहिलेली खापरी तेल अवीवजवळ १९४६ सालीं मिळाली. ओफीर कोठें होतें हें तीहि सांगत नाहीं. अरबस्तान, आफ्रिकेचा पूर्व किनारा व हिंदुस्थान या तिन्हींच्या बाजूनें बोलणारे आहेत. तेव्हां सोपाऱ्याकडे रेघ काढावयाची तर ठिपक्यांची काढावी, व ठिपकेहि विरळ द्यावे.

बेने इस्राएल लोकांची कथा याहून नाजूक आहे. नवगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, तेल गाळण्याचा धंदा करून व शनिवार पाळून ‘शनिवार तेली’ म्हणविल्या गेल्या, ही त्यांची परंपरा. तें जहाज कोणत्या शतकांत, कोणत्या बंदरांतून निघालें याविषयीं मतें अनेक आहेत. पण ज्या लोकांनीं शेंकडों वर्षें शब्बाथ व सुंता सोडली नाहीं, ज्यांची एक प्रार्थनाशाळा आपल्या रास्ता पेठेंत उभी आहे, आणि १९४८ नंतर ज्यांच्यांतील बहुतेक इस्राएल देशीं गेले तरी घरांत मराठी बोलत राहिले, त्यांचा प्रवास झालाच नाहीं असें कोण म्हणेल? प्रवास निश्चित, वाट अनिश्चित. दोन्ही गोष्टी एकदम मनांत धरणें मुलांस जड जातें असें म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे; जड जातें तें मोठ्यांस.

कांहीं पालक आम्हांस म्हणतात, “गुरुजी, कोवळ्या मनांत शंका कशास घालतां?” त्यांची कळकळ आम्ही जाणतों. पण ही तांबडी रेघ शास्त्राची नव्हे, छापखान्याची आहे. ती शास्त्राइतकीच खरी म्हणून आज शिकविली, तर उद्यां कॉलेजांत कोणी ती पुसून टाकील त्या दिवशीं मुलगा रेघेबरोबर ग्रंथहि मिटून ठेवील. अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. शिवाय ही गोष्ट एका धर्माच्या मुलांपुरती नाहीं. ऑगस्ट १६६६ मध्यें शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले व राजगडास पोहोंचले. मधली वाट निरनिराळ्या बखरी निरनिराळी सांगतात, आणि पुस्तकांतील नकाशावर मात्र एकच ठळक रेघ! महाराजांच्या सुटकेचें तेज ती रेघ ठिपक्यांची केल्यानें उणें होत नाहीं. उलट, कोणास वाट कळूं दिली नाहीं हेंच तर त्या सुटकेचें मर्म.

म्हणून आमची सूचना अशी. वर्गांत प्रवासाचा नकाशा काढतांना रेघा तीन प्रकारच्या असाव्या. जेथें मैलाचा दगड, फरसबंदी किंवा लेख आहे तेथें अखंड. जेथें दोन्ही टोकांचीं गांवें निश्चित असून मधली जमीन एकच वाट देते तेथें तुटक. बाकी सर्व ठिकाणीं ठिपके. प्रत्येक रेघेखालीं तीस आधार काय हें एका ओळींत लिहावें, आणि गुण त्या ओळीस द्यावे. आळशी मुलें सगळीकडे ठिपके देतील हें आम्हांस ठाऊक आहे. पिर्ग्यास ठिपके देणारा फिलिप्पैसहि ठिपके देऊं लागला तर त्याचेहि गुण कापावे.

आणि नाताळच्या सुटींत वरच्या वर्गांनीं नाणेघाट पायीं उतरावा, यासाठीं पालकांनीं अनुमति द्यावी. जुन्नर पुण्याहून नव्वद किलोमीटरांच्या आसपास, तेथपर्यंत एस्. टी. जाते, पुढें घाटमाथा तीस किलोमीटर. पाण्याच्या बाटल्या, भाकरी, वहीपेन्सिल व एक दोरी एवढें सामान पुरे. दोरी पायऱ्या मोजावयास. माथ्यापासून वैशाखऱ्यापर्यंतची वाट मुलांनीं अखंड रेघेनें काढावी, कारण ती त्यांच्या पायाखालून गेलेली असेल. तेथून कल्याणच्या खाडीपर्यंत रेघ तुटक काढावी कीं ठिपक्यांची, हें ज्यानें त्यानें घाटाच्या पायथ्याशीं उभें राहून, पश्चिमेकडे पाहून ठरवावें.